शहराची मोजणी कोणाच्या नजरेने होते?

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि दोन महिने पुरते उलटायच्या आत तो बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश राज्य सरकारला द्यावा लागला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखले होते, प्रार्थनास्थळे आणि वारसा इमारती नकाशात चुकीच्या पडल्या होत्या, काही रेल्वे स्थानकांभोवती आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या आठपट बांधकाम, सुचवला होता. हरकतींचा अक्षरशः पाऊस पडला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, त्यावर पुन्हा हरकती आणि सुनावण्या झाल्या, आणि राज्य सरकारची मंजुरी मिळायला मे २०१८ उजाडला. वर्तमानपत्रांची पाने या काळात चटईक्षेत्र, आरे आणि बिल्डर यांवरच खर्ची पडली, आणि ते स्वाभाविकही होते. मात्र त्याच आराखड्यात काही नोंदी अशा आल्या, ज्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही: नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, कौशल्य विकास केंद्रासह आधार केंद्र (मदतीचे; आधार कार्डाचे नव्हे), पाळणाघरासारखी सोय देणारे संगोपन केंद्र, बेघरांसाठी निवारा. शहराच्या जमिनीवर अशा गोष्टींसाठी स्वतंत्र आरक्षणाचे प्रकार ठरवले जाणे ही साधी बाब नाही. महिला संघटना, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था आणि काही नियोजनतज्ज्ञ मसुदा छापला जाण्याच्या आधीपासून महापालिकेच्या मागे लागले होते, त्याचे ते फळ होते.

'सर्वसमावेशक, लोकसहभागी आणि स्त्री-पुरुष समभावाचे नगरनियोजन' हे शब्द शासकीय कागदपत्रांत आता सर्रास दिसतात. त्यांचा प्रत्यक्षातला अर्थ समजून घ्यायचा, तर आराखडा कसा तयार होतो तिथपासूनच सुरुवात करावी लागते.

आराखडा कसा तयार होतो

महाराष्ट्रात शहरांचे नियोजन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार होते. साधारण वीस वर्षांसाठी आराखडा तयार करायचा, अशी पद्धत आहे. महापालिका प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर जमिनीचा आज कुठे काय वापर आहे याची पाहणी करून विद्यमान भूवापर नकाशा तयार केला जातो. त्याच्या आधारावर प्रस्तावित नकाशा येतो. त्यात कुठे निवासी विभाग, कुठे व्यापारी, कुठला रस्ता रुंद होणार, कोणता भूखंड शाळेसाठी, दवाखान्यासाठी, उद्यानासाठी राखून ठेवायचा, हे सारे दाखवलेले असते. राखून ठेवलेल्या भूखंडाला आरक्षण म्हणतात. हा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत नागरिकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या असतात. त्यांवर एक नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांत एखादी तरी स्त्री असावी, असे बंधन कायदा घालत नाही. समितीच्या अहवालानंतर आराखडा महापालिकेच्या सभागृहाकडे आणि तिथून राज्य सरकारकडे मंजुरीला जातो.

थोडक्यात, कायद्याने लोकसहभागाची खिडकी ठेवलेली आहे. ती उघडते मात्र मसुदा छापून झाल्यावर. तोपर्यंत शहरात काय आहे हे मोजून झालेले असते आणि काय कमी आहे हेही ठरून गेलेले असते. स्त्रियांच्या दृष्टीने आराखड्याकडे पाहू लागले की गोची नेमकी इथे दिसते. त्यांना जे सांगायचे असते ते बहुतेक वेळा मोजणीबद्दल असते, आणि मोजणी तर केव्हाच आटोपलेली असते.

पाहणीत काय दिसते, काय दिसत नाही

विद्यमान भूवापर नकाशा ही वरवर पाहता निरुपद्रवी गोष्ट वाटते. पाहणी करणारा माणूस रस्त्याने जातो आणि घर असेल तर निवासी, दुकान असेल तर व्यापारी, कारखाना असेल तर औद्योगिक अशी नोंद करतो. आता धारावीतल्या किंवा गोवंडीतल्या एखाद्या खोलीचा विचार करावा. त्या खोलीत सकाळी पापड लाटले जातात, दुपारी शिलाई मशिन चालते, शेजारणीची दोन मुले सांभाळली जातात आणि रात्री सहा माणसे झोपतात. नकाशात तिची नोंद 'निवासी' एवढीच होते. आणि ती झोपडपट्टीत असेल तर बहुधा तेवढीही होत नाही, कारण अख्खी वस्तीच एका रंगाने भरून टाकलेली असते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. म्हणजे शहराच्या एवढ्या मोठ्या हिश्श्याचा आतला व्यवहार नियोजनाच्या प्राथमिक कागदावर एका ठिपक्यात मिटून जातो. त्या खोलीतली बाई कामगार असते, पण तिचा कारखाना नकाशावर नसतो. तिला मालाची ने-आण करायला गल्लीत हातगाडी जाण्याएवढी जागा लागते, वीज लागते, माल वाळवायला ऊन येणारा मोकळा तुकडा लागतो. पुढे झोपडपट्टी पुनर्विकासात तिला आठव्या मजल्यावर स्वतंत्र संडास असलेले पक्के घर मिळते, ही मोठीच सुधारणा आहे यात वाद नाही. पण ऊन, गल्ली आणि शेजारीण या तिन्ही गोष्टी तिथे नसतात आणि तिची कमाई बंद पडते.

प्रवासाच्या मोजणीचेही असेच आहे. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात, चालत, सायकलने, बसने की रेल्वेने, ही माहिती प्रथमच गोळा झाली. उपक्रम स्तुत्य होता. प्रश्न मात्र फक्त कामावर जाण्यापुरता होता आणि शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपुरता. मुलाला शाळेत सोडणे, रेशन आणणे, सासूला दवाखान्यात नेणे, भाजी घेऊन परतणे या फेऱ्या त्यात बसतच नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के होते, पुरुषांचे जेमतेम २६. जवळजवळ पाच तासांचे हे काम स्वयंपाकघरापुरते मर्यादित नसते. त्यातला काही भाग रस्त्यावर, रांगेत आणि बसथांब्यावर जातो.

वाहतूक नियोजनाची जुनी रीत अशी, की सकाळी उपनगरातून कार्यालयाकडे आणि संध्याकाळी परत, या सरळ रेषेतल्या प्रवासाची गर्दी मोजायची आणि तिच्यासाठी सोय करायची. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली, तीदेखील याच सरळ रेषेवर. तिचा उपयोग मोठा होता आणि आहे. परंतु सकाळी सहाला एका सोसायटीत, नऊला दुसऱ्या, अकराला तिसऱ्या सोसायटीत कामाला जाणाऱ्या आणि मधल्या वेळात पोराचा डबा पोहोचवणाऱ्या घरकामगार स्त्रीचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. छोटे छोटे टप्पे, त्यांतला निम्मा चालत, हातात पिशवी, कडेवर मूल. तिच्यासाठी उड्डाणपुलापेक्षा सलग पदपथ महत्त्वाचा, आणि रेल्वेच्या नव्या मार्गिकेपेक्षा दुपारी बारा ते चार या वेळेत दर दहा मिनिटांनी येणारी बस महत्त्वाची. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. त्यातून विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा पार आणि दुकानाची पायरी वजा केली की किती उरते, ते कोणत्याही वॉर्डात फिरून पाहता येते.

मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत घरे देण्यात आली. घराच्या बदल्यात घर, असा तो हिशेब होता. अनेक स्त्रियांची धुण्याभांड्याची कामे मात्र जुन्या वस्तीच्या चालण्याच्या अंतरावरच्या सोसायट्यांत होती. नव्या घरापासून तिथपर्यंतचे भाडे आणि वेळ जमेना, तेव्हा कामे सुटली. कोणी मुद्दाम अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. घर आणि काम यांमधले अंतर हा पुनर्वसनाच्या तक्त्यातला रकानाच नव्हता.

हरकत कोणाची ग्राह्य धरली जाते

आता सुनावणीकडे वळू. हरकत नोंदवायची तर नकाशाची शीट कोणती, सिटी सर्व्हे नंबर कोणता, तिथले प्रस्तावित आरक्षण काय आणि त्यात बदल काय हवा, हे लिहावे लागते. ज्याच्या मालकीचा भूखंड आहे, त्याला हे सारे तोंडपाठ असते. त्याच्याकडे वास्तुविशारद असतो, वकील असतो. 'आमच्या वस्तीत पाळणाघर नाही आणि ते हवे' असे म्हणणाऱ्या बाईकडे भूखंडाचा नंबर नसतो, कारण ती जे मागते आहे ते अजून कुठेच नाही. तिची सूचना सर्वसाधारण ठरते आणि विशिष्ट भूखंडांवरच्या हजारो हरकतींच्या ढिगात हरवते. मालकी हक्क असणाऱ्यांचा सहभाग आपोआप वजनदार होतो, आणि आपल्याकडे स्थावर मालमत्ता कोणाच्या नावावर असते हे वेगळे सांगायला नको.

त्यात भाषेची आणि वेळेची भर पडते. २०१५ च्या मसुद्याचा अहवाल आणि नियमावली प्रथम इंग्रजीतच उपलब्ध झाल्याबद्दल त्या वेळी बरीच ओरड झाली होती. कामाच्या दिवशी भर दुपारी होणारी सुनावणी रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही; बाईला तर त्या वेळी शाळेतून मूल आणायचे असते. म्हणूनच मुंबईत काही संस्थांनी मसुदा येण्याआधीपासून वस्तीवस्तीत बैठका घेतल्या, नकाशे जमिनीवर अंथरले, आणि स्वयंपाक आटोपल्यावर दुपारी किंवा रात्री बायकांना 'तुमचे घर कुठे, नळ कुठे, अंधार कुठे' असे विचारत त्यांच्या सूचना भूखंडांच्या भाषेत बसवून दिल्या. ज्यांनी हे काम केले त्यांनी खऱ्या अर्थाने नियोजनच केले, असे माझे मत आहे; त्याची नोंद कोणत्याही शासकीय अहवालात ठळकपणे सापडणार नाही, ही गोष्ट निराळी.

सहभाग या शब्दात किती पाणी घालता येते, हे अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले होते. लोकांना नुसते कळवणे, त्यांचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्यांना निर्णयात वाटा देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे सांगणे होते. हरकती व सूचनांची आपली पद्धत फार तर दुसऱ्या प्रकारात मोडते. तिसऱ्या प्रकारासाठी कायद्यात तरतूद अगदीच नाही असे नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाच्या कामांच्या यादीत अगदी पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी ग्रामसभेसारखे एकत्र यायचे. ती कागदावरच राहिली. २०११ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव झाल्या. मुंबईत मात्र मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निम्म्या जागा स्त्रियांच्या, पण तेवढा काळ सभागृहच नव्हते!

या बाबतीत फेरीवाल्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा अधिक नेमका आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असे तो बजावतो. अंमलबजावणीचे रडगाणे तिथेही आहेच. परंतु कोण, किती आणि कशाच्या जोरावर बसणार हे कायद्यातच लिहिलेले असले, की निदान भांडायला आधार मिळतो.

पुण्यातली रांग

आधी विचारले तर आराखडा कसा बदलतो, याचे मला पटणारे उदाहरण महाराष्ट्रातले आहे आणि ते सार्वजनिक शौचालयांचे आहे. १९९९ च्या सुमारास रत्नाकर गायकवाड पुण्याचे आयुक्त असताना महापालिकेने वस्त्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर शौचालये बांधायला घेतली आणि बांधकाम व देखभाल यांसाठी ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलन ही वस्त्यांतल्या बायकांची संघटना, हा गट त्यांत प्रमुख होता. महिला मिलनमधल्या बायकांना शौचालयाचा नकाशा वाचता येत नव्हता असे क्षणभर धरले, तरी रांग कशी लागते हे त्यांना कोणत्याही अभियंत्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

जुन्या रचनेत स्त्री आणि पुरुष यांची दारे एकाच बाजूला, समोर एकच अंगण. सकाळच्या घाईत पुरुष बायकांच्या रांगेत घुसत. लहान मुलांना तर रांगेत उभेच राहू देत नसत. मोठी माणसे त्यांना ढकलून पुढे जात, म्हणून मुले बाहेर गटाराच्या कडेला बसत, आणि मग ती घाण आईने काढायची. ज्या तक्रारीला बाहेरचा माणूस 'वस्तीतल्या लोकांच्या सवयी' म्हणे, ती प्रत्यक्षात दारांच्या जागेची तक्रार होती. नव्या रचनेत स्त्रियांचे आणि पुरुषांचे प्रवेश वेगळे झाले, रांगा एकमेकींना दिसेनाशा झाल्या. मुलांसाठी छोट्या आकाराची स्वतंत्र शौचालये आली. हातात बादली असतानाही ढकलता यावीत म्हणून दोन्ही बाजूंना उघडणारी दारे बसवली. पाण्याची टाकी आली आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली आली, म्हणजे रात्री तिथे कोणीतरी जागे आहे याची खात्री आली. अवघ्या दोन-तीन वर्षांत शेकडो शौचालये उभी राहिली. सगळीच नीट चालली असे नाही. जिथे वस्तीचा देखभालीतला सहभाग ढिला पडला किंवा पाणीच नव्हते, तिथे ती पुन्हा पूर्वपदावर गेली.

या उदाहरणात स्त्रियांसाठी म्हणून कोणतीही खास योजना नाही, हे लक्षात घ्यावे. सर्वांच्याच गरजेची एक वास्तू होती. ती कोणाच्या अडचणीपासून विचार सुरू करून बांधायची, एवढाच फरक होता. मुंबईत २०११ पासून चाललेल्या 'राइट टू पी' या मोहिमेनेही असाच एक साधा हिशेब पुढे ठेवला: पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र त्याच कामासाठी पैसे मोजावे लागतात, हे कुठल्या नियमाने? रचना करताना बाईसाठी मुतारी वेगळी धरलीच नव्हती, शौचालयच धरले होते, आणि शौचालयाला दर होता. भेदभाव करावा असे कोणी ठरवले नव्हते; तो तक्त्यातून आपोआप आला होता.

पुण्याने २००६-०७ पासून अर्थसंकल्पातही नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. नागरिकाने अर्ज भरून आपल्या प्रभागातले पाच लाखांपर्यंतचे एखादे काम सुचवायचे, अशी ती पद्धत. पदपथ, दिवे, बाक अशी लहान कामे त्यातून होऊ शकतात, आणि लहान कामे हीच स्त्रियांच्या दिवसातली मोठी कामे असतात. मात्र अर्ज कधी निघतो हे ज्यांना कळते तेच तो भरतात, ही त्या पद्धतीची मर्यादा राहिली आहे.

व्हिएन्नातली उद्याने

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना या विषयात नेहमी दाखल्यासाठी घेतली जाते. तिथे १९९१ मध्ये इवा काइल या नियोजनकर्तीच्या पुढाकाराने 'सार्वजनिक जागा कोणाची?' असा प्रश्न विचारणारे छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि लवकरच शहर प्रशासनात महिला कार्यालय सुरू झाले. नव्वदीच्या दशकातल्या एका अभ्यासात आढळले, की साधारण दहा वर्षांच्या झाल्यावर मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुले मात्र येत राहतात. घरच्यांचे निर्बंध हे एकच कारण नव्हते. मधोमध जाळी घातलेले एकच मोठे मैदान होते, ते मुलांच्या टोळीने एकदा व्यापले की मुलींना आत शिरायला वाव नसे. मग काही उद्यानांत त्या एका मैदानाचे लहान लहान भाग केले, प्रवेश वाढवले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, घोळक्याने बसता येईल अशा जागा केल्या. मुली परतल्या.

याच शहरात १९९७ मध्ये स्त्री वास्तुविशारदांनी आखलेली ३५७ घरांची एक वसाहत पूर्ण झाली. बाबागाड्या ठेवायला प्रत्येक मजल्यावर जागा, उजेड येणारे रुंद जिने आणि आवारातच बालवाडी ही तिची वैशिष्ट्ये. आपल्याकडे तिची नक्कल करण्यात अर्थ नाही, आपल्या घरांचे आणि पगारांचे गणितच वेगळे आहे. घेण्यासारखी आहे ती क्रमवारी: तिथे आधी पाहणी झाली, स्त्री आणि पुरुष वेगवेगळे मोजले गेले, मग रेषा ओढली गेली. जवळचाच दाखला हवा असेल तर केरळचा घ्यावा. १९९६ मध्ये सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत स्थानिक संस्थांच्या योजना निधीतला दहा टक्के वाटा स्त्रियांसाठीच्या घटकाला राखून ठेवण्याची शिस्त लावली गेली, त्यामुळे निदान 'पैसे नाहीत' ही सबब बंद झाली.

आपल्याकडे मात्र स्त्री-दृष्टिकोन म्हटला की गुलाबी रंगाकडे धाव घेतली जाते: गुलाबी शौचालय, महिलांसाठी वेगळी बस, महिलांसाठी वेगळे उद्यान. त्यांचा उपयोग होत नाही असे नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने एसटीच्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडे केले, तेव्हा गाड्यांत बायकांची गर्दी उसळली. बाहेर पडण्याची इच्छा आधीपासून होती, अडचण भाड्याची होती, हे त्यातून दिसले. पण वेगळी सोय करून मोकळे झाले, की बाकीचे शहर होते तसेच ठेवायला परवानगी मिळाल्यासारखे होते. सुरक्षिततेचेही तसेच. कॅमेरे बसवणे सोपे असते. १९८९ मध्ये टोरोंटोत सुरू झालेल्या आणि नंतर दिल्लीसह अनेक शहरांत वापरल्या गेलेल्या सुरक्षा-पाहणीच्या पद्धतीत स्त्रिया स्वतः दिवेलागणीनंतर ठरावीक रस्त्यांनी चालतात आणि दिवा कुठे रस्त्यावर पडतो पण पदपथावर पडत नाही, कुठली भिंत फार लांब व सलग आहे, बसथांब्याजवळ माणसांची ये-जा आहे का, हे टिपतात. अशा पाहण्यांत पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट फेरीवाले हटवू पाहणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे: भेळवाला, इस्त्रीवाला, भाजीवाली यांच्यामुळे रस्ता जागता राहतो आणि बायका तिथून निर्धास्त जातात.

आरक्षण पडले, पुढे काय

मुंबईच्या आराखड्यातल्या त्या नोंदींकडे परत येऊ. नकाशावर आरक्षण पडणे म्हणजे पाळणाघर सुरू होणे नव्हे. भूखंड खासगी मालकीचा असेल तर महापालिकेला तो संपादन करावा लागतो, किंवा मालकाला जमिनीच्या एका भागावर सुविधा बांधून देण्याच्या बदल्यात उरलेल्या भागाचा विकास करू द्यावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत पैसा वाचतो, पण सुविधा इमारतीच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या मजल्यावर येणार, तिचे दार रस्त्याकडे उघडणार की वाहनतळाकडे, याला फार महत्त्व येते. पाळणाघर मागच्या बाजूला पोडियमवर (वाहनतळाच्या वरच्या सज्जावर) गेले तर ते सोसायटीचेच होऊन बसते आणि शेजारच्या वस्तीतली बाई तिथवर पोहोचत नाही.

या पाळणाघरांची निकड इतर कोणत्याही सोयीपेक्षा मला अधिक वाटते, त्याचे कारण कायद्यातच आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. घरकामगार, कचरावेचक, भाजीविक्रेती यांना आस्थापनाच नाही. त्यांचा मालक म्हणजे विखुरलेली दहा घरे किंवा अख्खा रस्ता. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर ठेवून घेण्यासाठी नाही. तेव्हा त्यांच्या मुलांसाठी जागा द्यायची तर ती शहरानेच द्यावी लागेल, आणि शहराकडे जागा देण्याचे मुख्य साधन विकास आराखडा हेच आहे.

आणि या साधनाला मुदत आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरावीक काळात संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मुंबईचा आराखडा मंजूर झाला २०१८ मध्ये. दहा वर्षे २०२८ मध्ये भरतील. आपल्या भागात महिला निवास, संगोपन केंद्र किंवा आधार केंद्र यांसाठी कोणता भूखंड राखला आहे, हे महापालिकेच्या विकास नियोजन विभागाकडील शीटवर सिटी सर्व्हे नंबरने शोधता येते, त्या भूखंडाचा डीपी रिमार्कही (आराखड्यात त्याच्यावर काय दाखवले आहे हे सांगणारा दाखला) रीतसर अर्ज करून मिळतो. संपादनासाठी तरतूद झाली की नाही हे अर्थसंकल्पात दिसते, आणि महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. त्यामुळे वॉर्ड ऑफिसात जाऊन हा प्रश्न विचारायचा तर तो दिवाळीच्या आगेमागे, आकडे पक्के होण्याआधी विचारलेला बरा.